लहान चणीच्या नवशिक्याची पहिली मोटारसायकल

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या वाहनविषयक पानावर नव्या मोटारसायकलींचे परीक्षण नियमित येते आणि मी ते आवडीने वाचते. इंजिन किती घनसेंटिमीटरचे, ताकद किती, पिकअप कसा, एका लिटरमध्ये गाडी किती धावते, दिवे कसे, रंग कोणते, हे सारे त्यात तपशीलवार असते. मात्र परीक्षण करणाऱ्या व्यक्तीची स्वतःची उंची किती, सीटवर बसल्यावर तिचे पाय जमिनीला कसे टेकले, क्लचपर्यंत बोटे सहज पोहोचली का, बंद गाडी हाताने ढकलत वळवताना कितपत जड गेली, याविषयी त्यात एखादी ओळही क्वचितच सापडते. ज्यांची उंची दीड मीटरच्या आसपास आहे आणि अंगकाठी किरकोळ आहे, अशा नवशिक्यांची निवड मात्र नेमकी याच गोष्टींवर ठरते. त्यांच्यासाठी हे पत्र लिहीत आहे, आणि शेवटी आपल्याकडे एक मागणीही आहे.

नवशिक्यांना मोटारसायकल शिकवणे हे माझे काम आहे. माझ्याकडे येणाऱ्या लहान चणीच्या विद्यार्थ्यांना, मग त्या मुली असोत की मुलगे, येण्याआधीच दोन प्रकारचे सल्ले मिळालेले असतात. पहिला सल्ला असा की तुझे पाय पोहोचणार नाहीत, तू मोटारसायकलच्या भानगडीत पडू नकोस. दुसरा सल्ला वरकरणी मदतीचा असतो : ज्या गाडीची सीट सर्वांत खाली ती घे, म्हणजे काम झाले. पहिल्या सल्ल्याला उत्तर द्यायला दोन नावे पुरेशी आहेत. स्पेनचा दानी पेद्रोसा साधारण १६० सेंटिमीटर उंचीचा, आणि त्याने मोटोजीपी या जागतिक मोटारसायकल शर्यतींच्या सर्वोच्च वर्गात ३१ शर्यती जिंकल्या. त्याच देशाची आना कारास्को हिने २०१८ मध्ये सुपरस्पोर्ट ३०० गटाचे जागतिक विजेतेपद पुरुष स्पर्धकांना मागे टाकून मिळवले. या दोघांची गोष्ट शर्यतीच्या मार्गावरची आहे, रोजच्या रहदारीतली नाही, हे मला मान्य आहे. पण धावणाऱ्या मोटारसायकलला चालवणाऱ्याची उंची आड येत नाही, एवढे तरी त्यावरून स्पष्ट व्हावे. अडचण येते ती गाडी थांबते तेव्हा, आणि म्हणूनच दुसऱ्या सल्ल्याचा नीट विचार करायला हवा, कारण तो अर्धा खरा आहे आणि अर्ध्या खऱ्या सल्ल्याने माणूस जास्त फसतो.

सीटची उंची म्हणून जो आकडा माहितीपत्रकात छापलेला असतो तो जमिनीपासून सीटच्या सर्वांत खोलगट भागापर्यंतचा असतो. त्या आकड्यात सीट किती रुंद आहे हे कळत नाही. सीट पुढच्या बाजूला, टाकीजवळ, निमुळती असेल तर मांड्या सरळ खाली येतात आणि पाय जमिनीच्या जवळ जातात. तिथेच ती रुंद असेल तर मांड्या आधी बाजूला फाकतात आणि मग खाली वळतात, त्यामुळे पायाची बरीच लांबी त्या वळणातच खर्च होते. म्हणून ७९० मिलिमीटरची अरुंद सीट ७७० मिलिमीटरच्या रुंद सीटपेक्षा सोपी वाटू शकते. दुसरी गोष्ट अशी की आपण बसल्यावर शॉक अॅब्सॉर्बर दबतात आणि गाडी थोडी खाली बसते. किती बसते हे आपल्या वजनावर आणि स्प्रिंगच्या ताणावर अवलंबून असते. स्प्रिंगचा मूळ ताण मध्यम बांध्याच्या माणसाच्या हिशेबाने ठेवलेला असतो. पंचेचाळीस-पन्नास किलोंच्या व्यक्तीखाली गाडी तेवढी दबतच नाही. म्हणजे ज्याला पाय टेकण्याची सर्वांत जास्त गरज आहे त्याच्याच वाट्याला सीट थोडी उंच येते. ही गोष्ट शोरूममध्ये सहसा कुणी सांगत नाही. मागच्या शॉक अॅब्सॉर्बरला ताण कमी-जास्त करण्याची सोय बहुतेक गाड्यांवर असते, आणि हलक्या माणसाने तो सर्वांत मऊ पायरीवर आणून मगच पाय टेकवून पाहावेत.

स्वतःचे मापही उंचीवरून घेऊ नये. दोन माणसे सारख्या उंचीची असली तरी एकाचे पाय लांब असतात आणि दुसऱ्याचे धड लांब असते. भिंतीला पाठ टेकवून अनवाणी उभे राहावे, एक जाडसर पुस्तक दोन्ही पायांमध्ये घट्ट वर सरकवावे आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे. गाडी निवडताना उपयोगी पडणारे माप ते हेच. त्याला बुटाच्या तळाची जाडी जोडावी, कारण गाडी अनवाणी चालवायची नसते. बरेचजण नेमके इथे चुकतात : गाडी पाहायला चपलेत जातात आणि नंतर जाड तळाच्या बुटांत चालवतात, किंवा याच्या उलट करतात. जाड तळाने दोन सेंटिमीटर मिळतात हे खरे असले तरी तळ फारच जाड असेल तर गिअरच्या पट्टीखाली पाऊल नीट शिरत नाही आणि गिअर पडला की नाही हे पायाला कळत नाही, म्हणून असे बूट घेतल्यास गिअरची पट्टीही थोडी वर करून घ्यावी लागते.

आता मुख्य मुद्दा. दोन्ही तळवे सपाट टेकले तरच गाडी सुरक्षित, असे जे ठामपणे सांगितले जाते ते बरोबर नाही. थांबलेल्या गाडीला आधार द्यायला एक पाय पुरतो, आणि खरे तर थांबताना एकच पाय खाली यायला हवा, कारण उजवा पाय मागच्या ब्रेकवर राहिला तर चढावर गाडी मागे सरकत नाही. डाव्या पायाचा चवडा आणि तळव्याचा पुढचा भाग पक्का टेकत असेल तर नवशिक्याने त्यावर समाधान मानायला हरकत नाही. नुसती बोटांची टोके टेकत असतील तर मात्र ती गाडी पहिली गाडी म्हणून घेऊ नये, दुसरी म्हणून खुशाल घ्यावी.

असे का, हे थोड्या हिशेबाने सांगते. गाडी सरळ उभी असते तेव्हा तिचा सगळा भार दोन चाकांवर असतो आणि आपल्याला जवळजवळ काहीच तोलावे लागत नाही. ती कलली की भार आपल्यावर येऊ लागतो, आणि तो कलाबरोबर झपाट्याने वाढतो. समजा गाडी १८० किलोंची आहे आणि तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५० सेंटिमीटरवर आहे. ती ५ अंशांनी कलली असताना जमिनीपासून १ मीटर उंचीवर हँडल धरून तोलायची झाली तर सुमारे ८ किलोंचा जोर लागतो. हे कुणालाही जमते. तीच गाडी २० अंशांनी कलली की सुमारे ३१ किलोंचा जोर लागतो, आणि तो एका बाजूने, वाकलेल्या अंगाने लावायचा असतो. १२० किलोंची गाडी तेवढीच कलली तर जोर २० किलोंच्या थोडा वर जातो. आता पायाचे पाहा. पाऊल गाडीच्या मध्यरेषेपासून ३० सेंटिमीटर बाजूला पडते आणि जमीन गाठायला ३ सेंटिमीटर कमी पडतात असे धरले, तर गाडी साधारण ६ अंशांनी कलवली की पाय टेकतो. १८० किलोंच्या गाडीवर त्यासाठी नऊ-साडेनऊ किलो तोलावे लागतील. पण जिथे पाऊल पडायचे तिथेच रस्ता आणखी ५ सेंटिमीटर खोल असला, तर गाडी १५ अंशांपर्यंत कलते आणि तोलायचा भार २३ किलोंवर जातो.

हा हिशेब कागदावरचा वाटेल, म्हणून प्रत्यक्ष पाहिलेले सांगते. माझ्याकडे शिकणारी एक मुलगी नातेवाइकाची मोठी गाडी घेऊन आली होती. सपाट मैदानावर ती उत्तम चालवत होती, थांबतही नीट होती. सरावासाठी आम्ही रस्त्यावर गेलो. मी हात केला तशी ती शिस्तीने रस्त्याच्या अगदी कडेला येऊन थांबली, आणि तिथे डांबर संपून माती सुरू होत होती. तिने डावा पाय खाली सोडला, पायाला जमीन लागेना, पाऊल आणखी खाली गेले, आणि त्याबरोबर गाडीही. गाडी धाडकन पडली नाही. ती अगदी सावकाश कलत गेली, मुलीचा गुडघा आधी वाकला, मग कोपर, मग तिने दोन्ही हातांनी हँडल वर ओढायचा प्रयत्न केला आणि शेवटी शहाणपणाने सोडून दिले. लागले कुठेच नाही; क्लचची दांडी तेवढी वाकली. आम्ही दोघींनी मिळून गाडी उभी केली, मी तिला कडेपासून हातभर आत, जिथे डांबर सपाट होते तिथे थांबायला सांगितले, आणि ती त्याच गाडीवर, त्याच बुटांत, काही न घडल्यासारखी थांबली. गाडी तीच होती आणि पायही तेच होते. फरक होता तो जमिनीच्या चार बोटे उतारात. पाणी वाहून जावे म्हणून रस्ता कडेकडे उतरता बांधलेला असतो. उंच माणसाला तो उतार आयुष्यभर जाणवत नाही. लहान चणीच्या माणसाने मात्र थांबण्याच्या दहा पावले आधीपासून जमीन वाचायला शिकले पाहिजे : खड्डा कुठे, खडी कुठे, उंच बाजू कोणती, आणि पाय कुठे पडेल.

यावरून वजनाचा मुद्दा सीटच्या उंचीइतकाच, किंबहुना अधिक, महत्त्वाचा ठरतो. बाजारातील काही सर्वपरिचित गाड्यांचे आकडे शेजारी ठेवून पाहावेत. होंडा रेबेल ५०० ची सीट ६९० मिलिमीटरवर आहे, म्हणजे जवळजवळ कुणाचेही पाय सपाट टेकतील, पण गाडी सुमारे १९० किलोंची आहे. रॉयल एनफिल्ड मीटिऑर ३५० ची सीट ७६५ मिलिमीटर आणि वजन १९१ किलो. हिरो स्प्लेंडर प्लसची सीट ७८५ मिलिमीटर, म्हणजे मीटिऑरपेक्षा उंच, पण वजन ११२ किलो. यामाहा एमटी-१५ ची सीट ८१० मिलिमीटर, वजन १४१ किलो. फक्त सीटचा आकडा पाहणारा नवशिका यातल्या पहिल्या दोन गाड्यांकडे वळेल, आणि त्या वाईट आहेत असे मी मुळीच म्हणत नाही. सीट खाली असल्याने त्यांचा भारही खाली असतो आणि सरळ रस्त्यावर त्या अतिशय निवांत चालतात. पण दाटीवाटीच्या जागेतून गाडी मागे ओढून काढणे, उतारावर तोंड करून लावलेली गाडी परत वर आणणे, पडलेली गाडी उचलणे, ही कामे पहिल्या वर्षात वारंवार येतात, आणि त्या वेळी सीटची उंची काहीही उपयोगाला येत नाही. त्या वेळी प्रश्न असतो तो किलोंचा. म्हणून माझे मत स्पष्ट आहे : सीट दोन-तीन सेंटिमीटरने उंच पण वजन पन्नास किलोंनी कमी, असा पर्याय समोर असेल तर लहान चणीच्या नवशिक्याने हलकी गाडी निवडावी. १५० किलोंच्या आत राहता आले तर फारच चांगले.

वजनाचा आकडा पाहताना तो कोणत्या स्थितीतला आहे हेही विचारावे. काही ठिकाणी पेट्रोल आणि ऑइलशिवायचे वजन दिलेले असते, काही ठिकाणी टाकी भरून. पेट्रोल लिटरला पाऊण किलोच्या आसपास भरते, त्यामुळे १५ लिटरच्या भरलेल्या टाकीत ११ किलो असतात, आणि ते गाडीच्या सर्वांत वरच्या भागात. नवशिक्याने पहिले काही आठवडे टाकी अर्धी ठेवली तरी कलणारी गाडी सावरताना फरक जाणवतो.

पायांविषयी इतके बोलले जाते की हातांचा विचार मागे पडतो. लहान हाताच्या माणसाला क्लचची दांडी लांब पडते. मग तो बोटांच्या टोकांनी ती ओढतो, जोर पुरत नाही, क्लच एकदम सुटतो आणि गाडी झटका देऊन बंद पडते. झटका बसून बंद पडलेली गाडी त्याच क्षणी कलते. म्हणजे पाय न टेकल्यामुळे पडली असे ज्या गाडीबद्दल वाटते ती अनेकदा हात न पुरल्यामुळे पडलेली असते. गाडी पाहायला जाल तेव्हा मूठ पकडीवर ठेवूनच क्लच आणि पुढचा ब्रेक ओढून पाहावा. बोटांचे दुसरे पेर दांडीवर बसले पाहिजे. काही गाड्यांवर दांडीचे अंतर कमी करण्याची चकती असते, नसेल तर तशी दांडी वेगळी बसवता येते. क्लच केबलला वेळेवर तेल दिले तरी जोर बराच कमी लागतो. असिस्ट क्लच असलेल्या गाड्यांमध्ये दांडी मुळातच हलकी असते, आणि लहान हातांसाठी ही सोय दिखाऊ नाही, रोजच्या उपयोगाची आहे.

हँडलची परीक्षा आणखी सोपी आहे आणि तरीही ती कुणी करत नाही. गाडीवर बसून हँडल एका बाजूला पूर्ण वळवावे, मग दुसऱ्या बाजूला. बाहेरचा हात पकडीवर पूर्ण राहतो का, की खांदा पुढे ओढला जातो आणि बोटे सुटू लागतात? रुंद हँडलच्या आणि पाय पुढे ठेवण्याच्या क्रूझर धाटणीच्या गाड्यांवर लहान हातांची इथेच फसगत होते. सीट खाली असते, पाय टेकतात, माणूस खूश होतो, आणि पहिल्याच अरुंद वळणावर त्याच्या लक्षात येते की बाहेरचा हात पोहोचत नाही. तीच गोष्ट साइड स्टँडची. बसल्या जागेवरून डाव्या पायाने तो काढता आणि लावता येतो का, हे पाहायलाच हवे, कारण आखूड पायाला स्टँडचा दांडा पुष्कळदा पुढे आणि लांब पडतो.

इंजिनाबद्दल थोडक्यात सांगते. युरोपात मोटारसायकलचा परवाना पायरीपायरीने मिळतो : पहिली पायरी १२५ घनसेंटिमीटर आणि ११ किलोवॉटपर्यंत, पुढची ३५ किलोवॉटपर्यंत. त्यामागचा विचार सगळीकडच्या नवशिक्यांना लागू पडतो. हलक्या व्यक्तीसाठी त्यात आणखी एक भर घालावी लागते. इंजिन तेच असले तरी त्याला ओढायचे एकूण वजन कमी असल्यामुळे गाडी तिच्या हाताखाली जास्त चपळ पळते. म्हणून शंभर-सव्वाशे घनसेंटिमीटरच्या गाडीला कमी लेखण्याचे काही कारण नाही, आणि मंद वेगात धक्के न देता ओढणारे इंजिन वेगाच्या आकड्यापेक्षा कितीतरी मोलाचे आहे. एबीएस मिळत असेल तर ते अवश्य घ्यावे. घाबरलेल्या हाताने पुढचा ब्रेक आवळला तर चाक जाम होऊ नये एवढी काळजी ते घेते, आणि नवशिक्याचा हात घाबरतोच.

गाडी खाली करून घेण्याचे उपायही पुष्कळ सुचवले जातात. त्यातला सर्वांत निर्धोक उपाय म्हणजे सीटचा फोम कोरून घेणे किंवा कंपनीची कमी उंचीची सीट मिळत असेल तर ती बसवणे. फोम कोरताना तो पुढच्या बाजूला, मांड्यांखाली, अरुंदही करून घ्यावा. नुसता मधून खोल केला तर बसणारा खड्ड्यात बसतो आणि पाय होते तिथेच राहतात. मागच्या शॉक अॅब्सॉर्बरची लिंक बदलून गाडी खाली आणणे हा पुढचा उपाय, आणि तिथे सावध राहिले पाहिजे. फक्त मागची बाजू खाली आली तर पुढच्या फोर्कचा, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या दोन नळ्यांचा, कोन बदलतो आणि गाडी वळायला सुस्त होते, म्हणून फोर्कच्या नळ्याही क्लॅम्पमधून त्या प्रमाणात वर सरकवाव्या लागतात. गाडीखालची मोकळी जागा कमी होते आणि गतिरोधकावर पोट घासते. सर्वांत दुर्लक्षित परिणाम साइड स्टँडचा : गाडी खाली आली पण स्टँड तेवढाच लांब राहिला, की उभी केलेली गाडी जवळजवळ सरळ राहते आणि हलक्या धक्क्याने दुसऱ्या बाजूला पडते. स्टँड कापून आखूड करून घेतल्याशिवाय हे काम पुरे झाले असे समजू नये. माझा आग्रह असा असतो की पहिले तीन-चार महिने गाडीच्या मापाला हात लावू नये. तेवढ्या काळात बहुतेकांना एका पायावर थांबणे अंगवळणी पडते आणि मग बदल करावासाच वाटत नाही.

ते अंगवळणी पडायला सराव मात्र मुद्दाम करावा लागतो. थांबताना हँडल सरळ असले पाहिजे, नजर पुढे, आणि शेवटच्या क्षणी पुढचा ब्रेक आवळायचा नाही. वळलेल्या हँडलवर पुढचा ब्रेक लागला की मंद वेगातली गाडी त्या बाजूला लोळण घेते. सीटवर बूड अर्धे डावीकडे सरकवले तर डाव्या पायाला चांगले तीन-चार सेंटिमीटर मिळतात आणि गाडी कलवावी लागत नाही. ही एवढी युक्ती आली तरी अर्धी भीती जाते. गाडी मागे घ्यायची तर बसून पायांनी रेटण्याचा हट्ट सोडावा. सरळ उतरावे, डाव्या बाजूला उभे राहून कमरेचा आधार सीटला द्यावा आणि गाडी आपल्याकडे किंचित कललेली ठेवून ढकलावी. त्यात कमीपणा कसला? लावतानाच तोंड बाहेर आणि मागचे चाक खोलगट बाजूला येईल असे लावले तर ढकलण्याची वेळही कमी येते.

पडलेली गाडी उचलण्याचा सराव पहिल्याच आठवड्यात, कुणीतरी सोबत असताना, गाडी गादीवर किंवा जुन्या टायरवर आडवी करून करावा. आधी इंजिन बंद करावे. गाडी उजव्या कुशीवर पडली असेल तर साइड स्टँड आधीच उघडून ठेवावा आणि गिअर टाकून ठेवावा, म्हणजे ती सरकणार नाही. हँडल पूर्ण वळवून, गाडीकडे पाठ करून, सीटच्या कडेला बूड टेकवून खाली बसावे; एका हाताने जवळची मूठ आणि दुसऱ्या हाताने मागचा कठडा किंवा चौकटीचा पक्का भाग धरावा, आणि पाठ ताठ ठेवून पायांच्या जोरावर लहान पावले मागे टाकत उठावे. समोर तोंड करून हातांनी उपसणाऱ्याची कंबर धरते, मग तो कितीही धिप्पाड असो. या रीतीने लहान चणीची माणसे आपल्या दुप्पट-तिप्पट वजनाची गाडी उभी करताना मी पाहिली आहेत. एकदा स्वतः गाडी उचलली की विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला दिसतो, आणि त्यानंतर तो सहसा गाडी पाडतही नाही.

पहिली गाडी जुनी घ्यावी की नवी, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. पहिल्या वर्षी ओरखडे पडणारच, त्यामुळे चांगल्या अवस्थेतली जुनी गाडी घेणे मला अधिक सुज्ञपणाचे वाटते. नवी घेतली तर ती पडेल या धास्तीने माणूस सराव टाळतो, आणि सराव टाळल्यामुळेच ती पडते. जुनी असो वा नवी, क्रॅश गार्ड बसवावा. पडलेल्या गाडीखाली पाय सापडू न देण्याचे काम तो करतो आणि गाडी पूर्ण आडवी न होऊ दिल्यामुळे उचलायलाही सोपी ठेवतो. हेल्मेट, हातमोजे आणि जॅकेट मात्र नवेच आणि स्वतःच्या मापाचे घ्यावे. घरातल्या दुसऱ्या कुणाचे मोठे हेल्मेट वापरणे हे लहान चणीच्या चालकांमध्ये फार पाहायला मिळते. डोके हलवल्यावर वेगळे हलणारे हेल्मेट अपघातात डोक्यावर राहील याची खात्री देता येत नाही.

आता आपल्याकडे मागणी. आपल्या पानावर ज्या मोटारसायकलचे परीक्षण छापले जाईल, तिच्यावर १५० ते १६० सेंटिमीटर उंचीच्या एका व्यक्तीलाही बसवावे आणि चालवायला द्यावे. त्या व्यक्तीची उंची आणि पायाचे माप छापावे. एका पायाचा चवडा टेकतो की नुसती बोटे, हँडल पूर्ण वळवल्यावर बाहेरचा हात पोहोचतो का, क्लच कितपत जड आहे, साइड स्टँड बसल्या जागेवरून लागतो का, आणि बंद गाडी एकटीने मागे घेता येते का, एवढ्या पाच प्रश्नांची उत्तरे द्यावीत. सीटच्या उंचीबरोबर पेट्रोल भरून असलेले वजन प्रत्येक वेळी द्यावे, आणि सीट पुढच्या बाजूला किती रुंद आहे तेही मोजून द्यावे, कारण हा आकडा माहितीपत्रकात नसतो आणि शोरूममध्ये टेप घेऊन कुणी मोजत नाही. यासाठी पानावर चार ओळींची जागा लागेल. परीक्षणासाठी गाडी आपल्या प्रतिनिधींच्या हाती आलेलीच असते, त्यामुळे वेगळी तजवीजही करावी लागणार नाही. येत्या परीक्षणापासून ही सुरुवात व्हावी, अशी विनंती करते.

आपली विश्वासू,
एक मोटारसायकल प्रशिक्षिका